तंबाखूमुक्तीची शपथ झाली, पुढे काय?

दरवर्षी 31 मे जवळ आला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तंबाखूविरोधी कार्यक्रमांची गर्दी होते. सरकारी कार्यालयांत शपथ होते, रुग्णालयांत पोस्टर लागतात, रॅली निघते. आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आहोत. अशा शपथा आम्हीही दिल्या आहेत. काही वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातील एका गावच्या विहारात आम्ही असाच कार्यक्रम घेतला. कॅन्सरची चित्रे दाखवली, भाषणे झाली, तरुणांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो निघाले आणि ते लगेच व्हॉट्सअॅप ग्रुपवरही गेले. सगळे समाधानाने घरी निघालो. एसटीच्या थांब्याजवळच्या पानठेल्यावर त्याच तरुणांपैकी दोघे खर्रा घोटून होण्याची वाट पाहत उभे होते.

आम्हाला पाहून एकजण ओशाळला. पण तो जे बोलला, ते आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा महत्त्वाचे होते. "दादा, शपथ मनापासून घेतली. मले सोडायचाच हाये. पण कसा सोडायचा, ते तर तुम्ही सांगतलंच नाई."

त्याचे खरे होते. आम्ही त्याला दोन तास तंबाखू का वाईट हे सांगितले. ते त्याला आधीच माहीत होते. त्या रात्री डोके दुखायला लागले, सकाळी पोट साफ झाले नाही, मित्राने पुडी पुढे केली, तर काय करायचे, याबद्दल आम्ही अवाक्षर काढले नव्हते. हा लेख त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. वस्तीत आणि विहारात काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाने तो आपल्या कामाचा भाग समजून वाचावा, ही विनंती.

माहिती आहे, तरी सुटत नाही

केंद्र सरकारच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार (2016-17) महाराष्ट्रात 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. पुरुषांत हे प्रमाण 35.5 टक्के आणि स्त्रियांत 17 टक्के होते. 2009-10 च्या पहिल्या फेरीत एकूण प्रमाण 31.4 टक्के होते. म्हणजे घट झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण याच आकड्यांच्या आत आणखी एक गोष्ट आहे. राज्यात धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. तंबाखू वापरणाऱ्या शंभर जणांपैकी नव्वदहून अधिक जण ती खातात, चघळतात किंवा दातांना लावतात.

तरीही आपल्या डोळ्यांसमोर तंबाखूविरोध म्हटले की सिगारेटवर फुली मारलेले चित्र येते. वऱ्हाडातल्या वस्तीत सिगारेट हा मुख्य प्रश्न नाहीच. आपला प्रश्न खर्रा, चुना-तंबाखू, गुटखा आणि दातांना लावायची नस हा आहे.

याच सर्वेक्षणात देशपातळीवर 95 टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले की तंबाखू खाल्ल्याने गंभीर आजार होतात हे आम्हाला ठाऊक आहे. तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक ती सोडण्याचा विचार करत होते. मात्र वर्षभरात डॉक्टरकडे जाऊन आलेल्या तंबाखू खाणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकालाच ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते. थोडक्यात, लोकांना धोका कळतो आणि सोडायची इच्छाही आहे. कमी पडते ती सोडताना लागणारी मदत, आणि खर्रा खाणाऱ्याच्या वाट्याला तर ती आणखी कमी येते.

खर्रा शरीरात काय करतो

खर्ऱ्यात तीन गोष्टी असतात: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. ठेलेवाला ते पन्नीत घेऊन जोर लावून घोटतो आणि त्याच पन्नीत बांधून देतो. या तिन्ही गोष्टींचे काम वेगवेगळे आहे, आणि कार्यकर्त्याला ते नीट सांगता आले पाहिजे.

तंबाखूत निकोटीन असते. सवय लावते ते निकोटीन. तंबाखूतली इतर रसायने, विशेषतः नायट्रोसामाइन गटातली, कॅन्सर घडवतात. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. म्हणूनच चुना कमी पडला की "आज लागलाच नाही" असे खाणारा म्हणतो. तिसरी सुपारी. अनेकांना ती निरुपद्रवी वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

सुपारीमुळे आणखी एक आजार होतो. त्याचे वैद्यकीय नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतला मऊ भाग हळूहळू कडक होतो, दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. सुरुवातीला तिखट झोंबते. मग पाणीपुरी तोंडात जात नाही, भाकरीचा मोठा घास घेता येत नाही. हा आजार म्हातारपणाची वाट पाहत नाही. विशी-पंचविशीतल्या मुलांनाही तो होतो. एकदा कडक झालेला भाग पूर्वीसारखा मऊ होणे अवघड असते, आणि पुढे तिथे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. मात्र वेळीच खर्रा थांबवला तर आजार वाढणे रोखता येते आणि व्यायाम व उपचारांनी तोंड उघडायला मदत होते.

यासाठी एक सोपी तपासणी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकत्र धरून उभी तोंडात घालून पाहावीत. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारणपणे ती सहज जातात. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायला हवे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, गिळताना त्रास, मानेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर उशीर करू नये. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सापडला तर उपचार सोपे असतात. उशिरा सापडला तर जबड्याचा भाग काढावा लागतो, आणि नागपूर-मुंबईच्या फेऱ्यांत घर विकायची वेळ येते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड आधीच नीट करून ठेवावे.

पैशाचा हिशेबही मांडून दाखवावा. एक खर्रा 20 रुपयांना धरला आणि दिवसाला 4 खाल्ले तर 80 रुपये झाले. महिन्याला 2,400, वर्षाला 29,200. मजुरी दिवसाला 300 रुपये धरली तर वर्षातले 97 दिवस माणूस फक्त खर्ऱ्यासाठी राबतो. आम्ही हा हिशेब विहाराच्या फळ्यावर खडूने करतो आणि गुणाकार समोरच्यालाच करायला लावतो. उत्तर आले की बोलणे आपोआप सुरू होते.

सवय लागते कुठे

व्यसनी माणूस म्हणजे बेजबाबदार माणूस, असे मानून काम केले तर काम पुढे जात नाही. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या मजुराला सकाळपासून दुपारपर्यंत पोटात काही नसते. तंबाखूने भूक मरते आणि थकवा दबल्यासारखा वाटतो. बाजार समितीतला हमाल, रात्रपाळीचा चौकीदार, ऑटोचालक, वीटभट्टीवरचे कुटुंब, सगळ्यांचे कारण जवळपास हेच. बेरोजगार तरुणासाठी पानठेला ही वस्तीतली एकमेव बसायची जागा असते. भरतीची माहिती तिथे मिळते, मित्र तिथे भेटतात. तो ठेला चालवणारा मुलगाही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो आणि त्याच्या घराची चूल त्यावर पेटते. हे सगळे लक्षात न घेता फक्त "सोडा" म्हणणे सोपे आहे.

स्त्रियांचा प्रश्न तर बोललाच जात नाही. दातदुखीवर इलाज म्हणून नस किंवा मिसरी लावायला सुरुवात होते आणि पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावली जाते. घरात माहीत असते, पण बाहेर कोणी मान्य करत नाही. गरोदरपणात तंबाखू चालू राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा आणि वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून महिला मंडळाची स्वतंत्र बैठक घ्यावी आणि ती एखाद्या ताईने किंवा आशाताईने घ्यावी. पुरुष कार्यकर्त्यांनी त्या बैठकीत बसू नये.

आणि मुले. "जा रे, एक खर्रा घेऊन ये," असे बापाने सांगितले की मुलाची ठेल्याशी ओळख होते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरत असल्याचे आढळले. या वयात लागलेली सवय सगळ्यात घट्ट बसते.

कायदा काय करू शकतो, काय करू शकत नाही

कार्यकर्त्याला कायद्याची चार कलमे तोंडपाठ हवीत. 2003 च्या सिगारेट व तंबाखू उत्पादने कायद्यानुसार (कोटपा) सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि त्यासाठी 200 रुपयांपर्यंत दंड होतो. 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. शाळा-महाविद्यालयापासून 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत विक्री करता येत नाही. जाहिरात करता येत नाही. यापेक्षा कडक तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातल्या दुकानदाराला हे कलम शांतपणे सांगितले तरी बराच फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे. 2013 मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांनाही त्यात आणले गेले, आणि ही बंदी पुढे दरवर्षी वाढवली गेली. तरी पुड्या मिळतात. साठा पकडल्याच्या बातम्या दोन्ही जिल्ह्यांतून वारंवार येतात. साध्या तंबाखूवर बंदी नाही, त्यामुळे "ही तर सादीच तंबाखू हाये" असे ठेलेवाला सांगतो. विक्रीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर करता येते. ती करावी, पण आधी मोठ्या पुरवठादाराची करावी. वस्तीतल्या गरीब पोराचा ठेला उचलून नेला आणि गोदाम तसेच राहिले, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो.

नुसत्या बंदीच्या मर्यादा समजून घ्यायला भूतानचे उदाहरण बोलके आहे. या बौद्धबहुल देशाने 2004 च्या अखेरीस तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली आणि 2010 मध्ये कडक कायदा केला. पण लोक तंबाखू वापरत राहिले आणि ती सीमेपलीकडून चोरून येत राहिली. कोरोनाच्या काळात तस्करीतून संसर्ग पसरण्याची भीती निर्माण झाली आणि 2021 मध्ये विक्रीवरची बंदी उठवावी लागली. कायदा हवाच. तो नव्या मुलांपासून तंबाखू लांब ठेवतो. पण ज्याला सवय लागली आहे, त्याचा हात कायदा धरत नाही.

आपल्या भागात कोणती मदत उपलब्ध आहे

ही मदत आहे, पण वस्तीपर्यंत तिची माहिती पोहोचलेली नाही. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम देशात 2007-08 मध्ये सुरू झाला. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर सल्लागार, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता अशी रचना आहे आणि जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले तंबाखूमुक्ती केंद्र अपेक्षित आहे. अमरावतीत ज्याला आपण इर्विन म्हणतो त्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि अकोल्यात जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात या कार्यक्रमाची चौकशी करावी. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयातही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांनी तंबाखूमुक्ती केंद्र चालवावे, अशा मार्गदर्शक सूचना 2018 मध्ये निघाल्या आहेत. तोंडाच्या तपासणीचे शिबिर विहारात घ्यायचे असेल तर अशा महाविद्यालयाला पत्र द्यावे.

ज्याला कोठेही जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे: 1800-11-2356. हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. 2016 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सेवा आता चार केंद्रांतून चालते. त्यांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे आणि मराठीत बोलता येते. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतात.

शाळांमध्ये सलाम मुंबई फाउंडेशन आणि शिक्षण विभागाच्या प्रयत्नांतून 'तंबाखूमुक्त शाळा' मोहीम राज्यभर गेली आहे. तिच्यात ठरलेले निकष आहेत: शाळेत फलक लावणे, आवारात कोणीही तंबाखू न वापरणे, शाळेजवळ विक्री नसणे. आपल्या गावची शाळा हे निकष खरोखर पाळते की फक्त कागदावर, हे पालक म्हणून आपण पाहू शकतो. 'कोणीही' या शब्दात शिक्षकही येतात.

मेळघाटात धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांची 'महान' ही संस्था अनेक वर्षांपासून आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करते. संस्थेच्या इंग्रजी नावातील एक अक्षर व्यसनाच्या प्रश्नासाठीच आहे. कुपोषण, बालमृत्यू आणि व्यसन हे एकाच घरातले प्रश्न आहेत, ही समज त्यात दिसते. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्ट्ससोबत 2016 पासून 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रम चालवला. त्यात जनजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार या चारही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. आपण बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवर थांबतो.

आणि आपल्या मातीतला धडा गाडगेबाबांचा. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर दारू, कर्ज, पशुबळी आणि अस्पृश्यतेविरुद्ध लोकांना जागे केले. त्यांच्या कीर्तनाची पद्धत प्रश्नांची होती. ते समोरच्यालाच विचारत, समोरचाच उत्तर देई आणि स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर त्याला चुकवता येत नसे. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात आज जे शिकवतात, ते यापेक्षा फार वेगळे नाही: उपदेश कमी, प्रश्न जास्त.

सोडताना नेमके काय होते

आता त्या एसटी थांब्यावरच्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ.

शेवटच्या खर्ऱ्यानंतर काही तासांतच शरीर निकोटीन मागू लागते. चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे आणि अनेकांना पोट साफ न होणे, ही लक्षणे दिसतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. नंतर त्रास उतरत जातो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत बराच कमी होतो. हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो, "सोडल्यानेच तब्येत बिघडली," आणि पुन्हा सुरू करतो.

तलफेची एक लाट काही मिनिटांची असते. ती टाळता येते. थोडे थांबायचे, पाणी प्यायचे, जागा बदलायची, कोणाशी तरी बोलायचे. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांनी श्वासाकडे लक्ष द्यायचे. तोंडात ठेवायला बडीशेप, लवंग, ओवा, भाजलेली जवस चालते. सुपारी चालत नाही. "तंबाखू सोडली, आता साधी सुपारीच खातो," असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांना वर सांगितलेला आजार समजावून द्यावा. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळे हवीत. खर्ऱ्याशिवाय पोट साफ होत नाही ही सवय आहे, ती काही दिवसांत बदलते.

सोडण्याची तारीख आठ-पंधरा दिवसांच्या आतली ठरवावी. त्याआधी दिवसातला कोणता खर्रा कधी आणि कोणासोबत खाल्ला, हे वहीत लिहावे. बहुतेकांच्या लक्षात येते की काही खर्रे तलफेने खाल्ले जातात आणि काही फक्त मित्र उभे आहेत म्हणून. ठरलेल्या दिवशी खिशातल्या, गाडीच्या डिकीतल्या, उशीखालच्या सगळ्या पुड्या काढून टाकाव्यात आणि घरच्यांना सांगावे.

ज्याला उठल्याबरोबर अर्ध्या तासात तंबाखू लागते, त्याची सवय जड समजावी. त्याने फक्त मनाच्या निर्धारावर न राहता डॉक्टरांची मदत घ्यावी. निकोटीनचा 2 मिलिग्रॅमचा गम औषध दुकानात मिळतो, पण तो सतत चघळायचा नसतो. थोडा चावून झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा आणि नंतर पुन्हा चावायचा. तोंड उघडत नसेल, हृदयाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. निकोटीन देणाऱ्या या उपचारांचा समावेश 2022 मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला आहे. म्हणून सरकारी रुग्णालयात ते मागायला संकोच करू नये.

बरेच लोक पहिल्या प्रयत्नात यशस्वी होत नाहीत. लग्नात, मयतीत, निवडणुकीच्या धावपळीत पुन्हा एखादा खर्रा तोंडात जातो. त्याला "तुझी शपथ मोडली" म्हणण्याऐवजी "कुठे अडले?" असे विचारावे. पुढच्या प्रयत्नाला त्याचाच उपयोग होतो.

विहारातली वही

त्या कार्यक्रमानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. मोठ्या सभेत शपथ देणे थांबवले. आता ज्याला सोडायचे आहे त्याचे फक्त पहिले नाव आणि मोबाईल क्रमांक एका वहीत घेतो. ही वही दोन कार्यकर्त्यांकडेच असते. फोटो काढत नाही, ग्रुपवर नाव टाकत नाही. सोडण्याच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करतो किंवा घरी जातो. दोन मिनिटांचे बोलणे असते. "कसं चाललं? झोप लागली का? आज कोणी खर्रा पुढे केला का?" त्यानंतर तीन महिने, महिन्यातून एकदा. जड सवय असलेल्याला सोबत घेऊन रुग्णालयात जातो, कारण एकटा माणूस ओपीडीच्या रांगेतून परत येतो.

सगळ्यांचे सुटते, असा आमचा दावा नाही. ज्या तरुणाने आम्हाला प्रश्न विचारला, त्याचेही दोनदा पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या वेळी त्याने तारीख स्वतः ठरवली आणि ठेल्याऐवजी संध्याकाळी विहाराच्या वाचनालयात बसू लागला. आता वहीतले काही फोन तोच करतो. ज्याने स्वतः सोडली आहे, त्याच्या दोन वाक्यांचे वजन आमच्या भाषणापेक्षा जास्त असते.

प्रत्येक वस्तीत हे करता येईल. दोन कार्यकर्ते, एक वही आणि आठवड्यातला एक तास लागतो. जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मिरवणुकीत पाणी-सरबताचे स्टॉल लागतात, तसा एक टेबल तोंड तपासणीचा लावता येईल. मंडळाच्या वर्गणीतून एका गरजूच्या महिनाभराच्या गमचा खर्च करता येईल. ठेला चालवणाऱ्या तरुणाला चहा-नाश्त्याच्या गाडीसाठी किंवा महामंडळाच्या कर्ज प्रकरणासाठी मदत करता येईल.

पाचव्या शीलाबद्दल

शेवटी एक आपसातली गोष्ट. आपण रोज पंचशील ग्रहण करतो. 1956 मध्ये बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव त्यात नाही, त्यामुळे "खर्ऱ्याने कुठे शुद्ध हरपते?" असा युक्तिवाद आपले कार्यकर्तेही करतात. त्यावर शास्त्रार्थ करण्याचा आमचा अधिकार नाही, आणि गरजही वाटत नाही. बैठक सुरू असताना अर्ध्या तासाने ज्याचे लक्ष खिशातल्या पुडीकडे जाते, त्याने तो किती मोकळा आहे हे स्वतःलाच विचारावे.

मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शीलाचे नाव घेऊन खर्रा खाणाऱ्याला चारचौघांत लाजवले, तर तो खर्रा सोडत नाही, विहारात येणे सोडतो. असे होताना आम्ही पाहिले आहे. वंदनेला मागच्या रांगेत तोंड मिटून बसणारा तरुण आपला आहे. कदाचित त्याचे तोंड आता पूर्ण उघडतही नसेल. पुढच्या रविवारी वंदना संपली की त्याच्याजवळ बसा, विचारा, "दादा, सोडायचा विचार आहे का?" आणि हो म्हणाला, तर त्याचा नंबर वहीत लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी फोन करायला विसरू नका.